ओसरीएवढे छत्र

गेल्या वैशाखात आम्ही उभयतांनी भामरागडास आठ दिवस काढले. आलापल्ली सोडली म्हणजे रस्ता रानात शिरतो आणि पुढे साठ-पासष्ट किलोमीटरपर्यंत साग, ऐन, मोह ह्यांवाचून दुसरी सोबत नसते. भामरागडाच्या थोडे अलीकडे हेमलकसा लागते. बाबा आमटे ह्यांनी १९७३ साली आरंभिलेला व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांनी वाढविलेला लोकबिरादरी प्रकल्प तेथेच आहे. तो डोळ्यांनी पाहावा, ही आमच्या मंडळींची फार दिवसांची इच्छा होती. त्या दर्शनाविषयी पुढे सवडीने लिहीन. आज लिहावयाचे आहे ते एका घरगुती प्रकरणाविषयी. त्याचा निकाल करण्याची पाळी मजवर त्या रानात असतानाच आली.

भामरागडापाशी पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती ह्या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात ह्याच पर्लकोटेच्या पुराने गावाचा जगाशी संबंध कितीदा तरी तोडला आहे. परंतु वैशाखात पात्र उघडे पडलेले असते व काठी बसावयास उत्तम जागा मिळते. संध्याकाळी तेथे बसलो असता सावरीची फुटलेली बोंडे वाऱ्यावर म्हाताऱ्या सोडीत होती. एक म्हातारी आमच्या डोक्यावरून गेली ती पार पलीकडच्या काठापर्यंत उतरली नाही. इतक्यात खिशातील दूरध्वनी जागा झाला. तेथे त्याला जाग येते ती अशीच, लहर लागेल तेव्हा. पुण्याहून दादांच्या धाकट्या मुलीचा, म्हणजे माझ्या पुतणीचा, भला मोठा मजकूर आला होता.

वाचकांस आमचे घर ठाऊक आहे. चौदा पाने वाढली जातात, तिजोरी एक आणि मते चौदा. ही मुलगी नोकरीनिमित्त दोन वर्षे युरोपात होती. तेथे असताना स्पेनमध्ये एम्पुरियाब्राव्हा नावाच्या समुद्रकाठच्या गावी जाऊन ती विमानातून हवाई छत्रीने उडी घेण्यास शिकली, हे आम्हांस ती शिकून झाल्यावर कळले. एकतीस उड्या आणि परवाना घेऊन ती परत आली. आता तिला स्वतःची छत्री घ्यावयाची होती. ओळखीच्या एका उडीबहाद्दराकडे एक वापरलेले छत्र निम्म्या किमतीत मिळत होते. रक्कम मात्र घरातून उचलून हवी होती. दादा म्हणत, एक पैसा मिळणार नाही. वहिनी काहीच बोलत नव्हत्या, आणि वहिनी बोलत नाहीत तेव्हा प्रकरण गंभीर असते. "काका, तुम्हीच आता बाबांना सांगा," असा मजकुराचा शेवट होता.

मुलीच्या खोलीत शीतल महाजन ह्यांचे चित्र लावलेले आहे. पुण्याच्या ह्या कन्येने १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर आयुष्यातील पहिली उडी घेतली, तीही उणे ३७ अंशांच्या थंडीत २,४०० फुटांवरून. २००६ च्या डिसेंबरात त्या दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिकावर उतरल्या. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली थायलंडात नऊवारी नेसून त्यांनी उडी घेतली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. नऊवारीची बातमी आली तेव्हा आमच्या आईने एवढेच विचारले होते, "कासोटा कोणी बांधून दिला असेल?" अशा चित्राखाली निजणाऱ्या मुलीस, उडी मारू नकोस, असे सांगण्यात अर्थ नव्हता. ती आता मिळवती आहे. आम्ही रक्कम न दिली तर वर्षभराने स्वतः जमवील. तेव्हा ती उडी घेईल हे धरूनच चालावयाचे होते. ती किती चौरस फुटांच्या छत्राखाली घेईल, एवढेच आमच्या हाती होते.

परंतु ह्यातले मला काय कळणार? गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिले तरी माझे पाय लटपटतात. माझे एक स्नेही सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी आधी कर्तव्य म्हणून आणि मग हौस म्हणून शेकडो उड्या घेतल्या, कित्येकांस शिकविले. दुसऱ्या दिवशी गावात दूरध्वनीची लहर लागताच प्रथम त्यांस गाठले. पुढे जे लिहितो ते बहुतेक त्यांच्या तोंडचे. घरगुती हिशेब तेवढा माझा.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, आज क्रीडेसाठी वापरतात ती छत्री जुन्या चित्रांतल्यासारखी गोल नसते. गोल छत्री माणसास सावकाश खाली सोडते, एवढेच. १९६० च्या दशकात डोमिना जालबर्ट ह्या अमेरिकेतील कारागिराने कापडाचा पंख काढला. दोन पदरी कापड, मध्ये उभ्या पडद्यांनी पाडलेले सात किंवा नऊ खण, आणि पुढची बाजू उघडी. वारा आत शिरला म्हणजे खण फुगतात व कापडाला पक्ष्याच्या पंखाचा आकार येतो. असे छत्र नुसते उतरत नाही, उतरता उतरता पुढे धावते. दोन हातांत दोन मुठी असतात; उजवी ओढावी तर उजवीकडे वळते, डावी ओढावी तर डावीकडे; आणि जमिनीजवळ दोन्ही योग्य क्षणी ओढल्या तर धाव मोडून पाय हलकेच टेकतात. म्हणजे छत्र घेणे हे छत्री घेण्यापेक्षा घोडा घेण्यासारखे अधिक आहे.

त्याचा स्वभाव मुख्यतः एका भागाकारावर ठरतो. उडी घेणाऱ्याचे सर्व सामानासह वजन पौंडांत मांडावे आणि छत्राच्या चौरस फुटांनी भागावे. सावरीची म्हातारी इतकी तरंगते ती ह्याच हिशेबाने. बी चिमुकले आणि पिसारा मोठा. नवख्या माणसाच्या बाबतीत शिक्षक हा भागाकार एकाच्या वर सहसा जाऊ देत नाहीत. आमच्या मुलीचे वजन ५४ किलो. पाठीवरचे ओझे, शिरस्त्राण, कपडे मिळून आणखी ११. एकूण ६५ किलो, म्हणजे १४३ पौंड. शिकताना शेवटी शेवटी ती १९० चौरस फुटांच्या छत्राखाली उतरत असे, भागाकार पाऊण. निम्म्या किमतीत मिळणारे छत्र होते १२० चौरस फुटांचे, भागाकार १.१९.

त्याच दिवशी दुपारी आम्ही डोंग्यातून नदीत फिरावयास गेलो. डोंगा म्हणजे एका लाकडाची कोरलेली होडी. काठावर आम्ही चौघे होतो, सोबत शिदोरीच्या पिशव्या. माडिया नावाड्याने आम्हां प्रत्येकाकडे एकदा पाहिले, डोंग्याकडे पाहिले आणि दोन बोटे वर केली. दोघेच, उरलेल्यांनी पुढच्या खेपेस यावे. आमच्याबरोबरचे एक गृहस्थ, मला उत्तम पोहता येते, असे त्यास खुणांनी समजावू लागले. त्याने ते ऐकून घेतले आणि पुन्हा दोनच बोटे दाखविली.

पुण्यास रात्री बोलणे झाले तेव्हा दादांची भीती ती, जी सर्वांची असते: छत्री उघडलीच नाही तर? आमच्या स्नेह्यांचे म्हणणे असे की, ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी दिले गेले आहे. पाठीवर एक नसते, दोन छत्रे असतात; दुसरे राखीव, आणि ते परवानाधारक कारागिराकडूनच घडी घालून घ्यावयाचे. अमेरिकेत तर दर १८० दिवसांनी ते उलगडून तपासून पुन्हा भरण्याचा कायदाच आहे. शिवाय एक लहान यंत्र असते. जर्मनीतील हेल्मुट क्लोथ ह्याने १९९१ साली आणलेले त्यातील यंत्र प्रसिद्ध आहे. माणूस बेशुद्ध पडला व जमीन साडेसातशे फुटांवर आली तरी वेग उतरला नाही, तर ते आपण होऊन राखीव छत्र मोकळे करते.

"मग मुले मरतात कशी?" दादांनी सरळ विचारले. फार मोठ्या संख्येने मरतात ती पूर्ण उघडलेल्या, एकही दोरी न तुटलेल्या छत्राखाली. छत्र वळविले की ते आतल्या बाजूस कलते, खालचा माणूस बाहेर फेकला जातो आणि दोघे मिळून एकदम उंची गमावतात. हजार फुटांवर त्याचे काही वाटत नाही. झोका आला नि गेला. पन्नास फुटांवर समोर अचानक झाड किंवा तार दिसली आणि घाबरून एक मूठ खसकन ओढली, तर त्या झोक्यातून माणूस छत्राच्या खाली येण्यापूर्वीच जमीन येते. यंत्राला ह्यातले काही कळत नाही. त्याच्या दृष्टीने सर्व ठीकच चाललेले असते. हा प्रमाद नवख्याकडून केव्हा तरी व्हावयाचाच, असे धरून चालावे, असे आमचे स्नेही म्हणाले. १९० खाली झाला तर घोटा सुजतो. १२० खाली झाला तर, आणि येथे ते थोडे थांबले, त्यांनी एका शिष्याची गोष्ट सांगितली. ती येथे लिहीत नाही.

एक हिशेब मात्र लिहितो, कारण दादांना पटला तो त्याने. उतरण्याचा वेग भागाकाराच्या वर्गमुळाने वाढतो आणि आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने. म्हणून १७० ऐवजी १२० घेतले तर वेग सुमारे १९ टक्क्यांनीच वाढलेला दिसतो, जोर मात्र ४२ टक्क्यांनी वाढतो. त्यात ही मुलगी शिकली समुद्रसपाटीवर. आपल्याकडे हरियाणातील नारनौल काय किंवा सागरजवळचे ढाणा काय, जमीन समुद्रापासून उंच आणि उन्हाळ्यात हवा तापून विरळ झालेली. विरळ हवेत तेच छत्र अधिक वेगाने उतरते आणि हाताला मात्र पूर्वीचीच सवय असते.

मुलगीही काही कच्ची नाही. तिने वाद घातला. तिचा पहिला मुद्दा असा की, बरोबरचा एक दांडगा तरुण १.२ च्या भागाकाराने सुखाने उतरतो, मग तिला १.१९ का नको? हा प्रश्न मला बिनतोड वाटला होता. परंतु स्नेह्यांनी त्याचे उत्तर तयारच ठेवले होते. लहान छत्राच्या दोऱ्याही आखूड असतात. लंबक जितका आखूड तितका झोका जलद. तोच भागाकार असला तरी १२० चे छत्र १७० पेक्षा चटकन कलते, चटकन वळते व चूक सुधारण्यास कमी वेळ देते. म्हणून ज्यांची चण लहान, त्यांनी तर एकाच्याही पुष्कळ खाली राहावे. हलक्या अंगाच्या मुलींस कित्येकदा, तुला मोठे छत्र शोभत नाही, असे सांगून फसविले जाते, असे ते म्हणाले. जोराच्या वाऱ्यात मोठ्या छत्राखालचा हलका माणूस मागे ढकलला जातो, ही गोष्ट खरी. त्यावर उपाय, त्या दिवशी खाली बसून चहा घ्यावा.

दुसरा मुद्दा पैशांचा. लवकरच लहान छत्र लागणारच, मग दोनदा खर्च कशाला? आमच्या घरात मुलांचे सदरे वाढत्या अंगाचे शिवण्याची रीत आहे, तीच तिने उलटी लावली. परंतु मोठा सदरा घालून मूल पडत नाही. शिवाय वापरलेले मोठे छत्र नीट राखले तर पुढच्या नवशिक्यास विकता येते. त्यातील खरा तोटा थोडा. खरा सापळा आहे तो पाठीवरच्या पिशवीचा. ती ठराविक मापाच्या छत्रासाठीच शिवलेली असते. जवळपासची एखाद-दुसरी मापे काय ती सामावतात. पुष्कळजण हौसेने पुढच्या लहान छत्राच्या मापाची पिशवी आधी घेतात आणि मग तीत मावेल तेच छत्र घ्यावे लागते. निर्णय शिंप्याने केल्यासारखा होतो. राखीव छत्राचेही तेच. मूर्च्छा आलेल्या माणसास ते एकटेच उतरवणार, आणि पिशवी लहान म्हणून तेही लहान!

तिसरा मुद्दा भिंतीवरच्या चित्राचा होता. शीतलताईंनी पहिली उडी थेट ध्रुवावर घेतली, तेव्हा कोणी भागाकार केले होते? मी म्हटले, बाई गं, त्यांनी त्यानंतर शेकडो उड्या घेतल्या, तेव्हा कोठे एव्हरेस्ट आले. तू बत्तिसाव्या उडीची गोष्ट बोलते आहेस. ह्यावर दूरध्वनीत बराच वेळ शांतता होती. भामरागडात अशी शांतता कधी रागाची असते, कधी यंत्राची. मी दुसरी समजून घेतली.

निकाल आईने लावला. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, आणि चौरस फूट म्हणजे काय, एवढेच तिने विचारले. दादांनी सांगितले की, आपले माजघर दहा बाय बारा, म्हणजे १२० झाले. ओसरी बारा बाय चौदा, म्हणजे १६८. "मग ओसरीएवढे घ्या," आई म्हणाली. "माजघरात आपण चारजणे बसलो तरी गुडघ्याला गुडघा लागतो."

ठरले ते असे. घरातून रक्कम मिळेल, पण लगेच नव्हे. आधी तिने १९० चे छत्र भाड्याने घेऊन निदान वीस उड्या घ्याव्यात, मग १७० भाड्याने. वर उंचीवर असताना, मुठी अर्ध्या ओढून छत्र न कलता वळविणे, छत्राचा प्राण कोठे जातो ते मुद्दाम ओढून पाहणे, मागच्या पट्ट्यांनी हाकणे, ह्या सर्व गोष्टी करून पाहाव्यात. खाली ठरलेल्या जागेच्या दहा-पंधरा पावलांत उतरता यावे. आडव्या वाऱ्यात यावे. एकदा तरी वाऱ्याच्या पाठीवरून यावे. हे शिक्षकाने पाहावे आणि तोंडाने सांगावे. सांगणारा छत्र विकणारा नसावा. वापरलेले छत्र घ्यावयाचे तर पैसे देण्यापूर्वी कारागिरास दाखवावे. दोऱ्या घासून घासून तापतात, काही जातीच्या दोऱ्या आखडतात, आणि कडेच्या दोऱ्या मधल्यांपेक्षा अधिक आखडल्या की छत्र वाकडे उडू लागते. कापड नव्यासारखे दिसत असले तरी हे डोळ्यांना समजत नाही. यंत्रावरची तारीख वाचावी. त्याचे आयुष्य ठरलेले असते.

ह्या कलमांपैकी एकही माझे नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. पण दादांनी ती कागदावर उतरवून घेतली व खाली मुलीची सही घेतली. दादा बँकेत होते.

हे सर्व वैशाखातले. मध्ये पावसाळा गेला. पावसाळ्यात उड्या नसतात, त्यामुळे घरात शांतता होती. ते १२० चे छत्र दुसऱ्या कोणी घेतले, असे कळले. मुलीने दिवाळीनंतर भाड्याच्या १९० खाली बावीस उड्या घेतल्या. त्यांतील एकदा समोर बैल आला म्हणून तिने खाली येऊन मूठ ओढलीच. गुडघा सोलवटला, विजार फाटली. हे तिने आपण होऊन सांगितले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वहिनींनी ती विजार शिवली आणि त्या दिवशीही काही बोलल्या नाहीत.

माघात १७० चे वापरलेले छत्र घरी आले. नऊ खणी, आकाशी रंगाचे, दोऱ्या नव्या घातलेल्या. भागाकार ०.८४. आईच्या आग्रहावरून ते ओसरीवर पसरले. क्षेत्रफळ जुळते, पण छत्र लांबट असते हे आम्ही कोणी लक्षात घेतले नव्हते. ते दोन्ही बाजूंनी पायऱ्यांवर उतरले आणि एक टोक तुळशीपर्यंत गेले. चौदाही माणसे कडेने उभी होती. पोरांना त्यावर पाय देऊ नका म्हणून दादा ओरडत होते. वहिनी पुढे आल्या, वाकल्या, एकेक खण बोटाने उघडून पाहात मोजला. नऊ भरले. मग पदर खोचून त्या स्वयंपाकघरात गेल्या.